नवं ईआरपी घ्यायचं की आहे तेच नीट वापरायचं? लहान कारखान्यासाठी ठरवण्याची पद्धत

भोसरी, चाकण, शिरोली, अंबड, वाळूज. कुठल्याही एमआयडीसीतल्या तीस-चाळीस माणसांच्या कारखान्यात जा, चित्र साधारण एकच. ऑफिसात हिशेबाचं टॅली, प्लॅनिंगला एक्सेल, स्टोअरमध्ये कार्बनचं चलान बुक, सुपरवायझरच्या मागे पांढरा बोर्ड, आणि हे सगळं कसंबसं बांधून ठेवणारा व्हॉट्सअॅप ग्रुप. मग एक दिवस ग्राहकाची गाडी दारात उभी राहते आणि माल प्लेटिंगवाल्याकडे अडकलाय असं कळतं. मालक वैतागून म्हणतात, "बास झालं, आता ईआरपी घेऊन टाकू." ईआरपी म्हणजे खरेदी, स्टोअर, उत्पादन आणि हिशेब एकत्र चालवणारं सॉफ्टवेअर. दोन दिवसांत दोन विक्रेत्यांचे डेमो ठरतात.

घोळ इथूनच सुरू होतो. डेमो ही अगदी शेवटी करायची गोष्ट, ती पहिल्यांदा केली जाते. डेमोतला स्टॉक कधी उणे जात नाही, तिथला जॉबवर्कवाला (आपल्या मालावर बाहेर काम करून देणारा) कधी माल कमी पाठवत नाही. ते बघून आलेल्या माणसाला आपलं सगळं जुनाट वाटणारच.

मी आधी अकाउंट्सच्या टेबलावर बसलोय, नंतर स्टोअरच्या. पुढे अशा निर्णयांच्या वेळी मालकांच्या बाजूला बसायचं काम करत आलोय. खालचा क्रम त्यातून तयार झाला. सगळं मिळून सात-आठ आठवडे लागतात. समोर धरलाय तो मशिनिंगचा लहान कारखाना: उलाढाल सात-आठ कोटी, प्रायव्हेट लिमिटेड, प्लेटिंग आणि हीट ट्रीटमेंट बाहेर. तुमचा धंदा वेगळा असेल तर शब्द बदलतील, पायऱ्यांचा क्रम बदलू नका.

## सुरू करण्याआधी

पाच माणसं लागतात: मालक किंवा ज्याच्या सहीने पैसे जातात तो, अकाउंट्स, स्टोअर, प्रोडक्शन सुपरवायझर आणि डिस्पॅच. स्टोअरकीपरला हमखास विसरतात, आणि कारखान्यातल्या निम्म्या नोंदी त्याच्याच हातून होतात. त्याला पहिल्या दिवसापासून बसवा.

टेबलावर काढून ठेवा:

- मागच्या तीन महिन्यांच्या ग्राहकांच्या पीओ (खरेदीच्या ऑर्डरी) आणि शेड्यूल
- जॉबवर्कची चलान बुकं, आपली आणि त्यांच्याकडून आलेलीही
- तीन महिन्यांची विक्रीची बिलं आणि क्रेडिट नोटा
- वापरात असलेल्या सगळ्या एक्सेल फायलींची यादी, प्रत्येक फाइल कोणाच्या कॉम्प्युटरवर आहे यासकट
- एक कोरी दोनशे पानी वही

शेवटून दुसऱ्या कामाला वेळ लागेल. एका ठिकाणी मालकांनी सांगितलं होतं, "तीन एक्सेल आहेत." मोजल्या तर अकरा निघाल्या. त्यातल्या दोन एकाच गोष्टीच्या होत्या आणि दोन्हींतले आकडे वेगळे.

सावधान: हे काम मार्चमध्ये, ऑडिटच्या आठवड्यांत किंवा दिवाळीआधीच्या डिस्पॅचच्या गर्दीत काढू नका. महिन्यातही ११ तारखेच्या जीएसटीआर-१ पासून २० तारखेच्या ३बी पर्यंत (दोन्ही जीएसटीची विवरणपत्रं) अकाउंट्सचा माणूस तुमचा नसतो. २१ तारखेला सुरू करा.

## पायरी १: तक्रारीचा प्रश्न करा

"सॉफ्टवेअर जुनं झालंय", "काही कळतच नाही", "सगळं मॅन्युअल आहे." या तक्रारींना उत्तर नसतं, म्हणून त्यांच्यावर काहीही विकता येतं. प्रत्येक तक्रार अशा प्रश्नात बदला की ज्याचं उत्तर आकडा, तारीख किंवा नाव असेल:

- प्लेटिंगला गेलेल्या मालापैकी आज किती नग बाहेर आहेत, आणि सगळ्यात जुनं चलान किती दिवसांचं?
- उद्याच्या शेड्यूलला लागणारा ४० एमएमचा बार रॅकवर आहे का?
- मागच्या लॉटमध्ये शाफ्टमागे खरा खर्च किती आला?
- ग्राहकाने परत पाठवलेला नग कुठल्या हीट नंबरच्या (धातूच्या एका वितळणीला दिलेला क्रमांक) बारमधून निघाला?
- उद्यम नोंदणी असलेल्या कुठल्या लहान सप्लायरचं बिल ४५ दिवसांच्या पुढे जातंय?

शेवटचा प्रश्न आता बहुतेकांच्या यादीत असायला हवा. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून सूक्ष्म आणि लघु उत्पादकांचे व सेवा देणाऱ्यांचे पैसे ठरल्या मुदतीत दिले नाहीत, तर तो खर्च त्या वर्षीच्या आयकरात धरता येत नाही. प्रत्यक्ष पैसे देता त्या वर्षी मिळतो. लेखी करार नसेल तर मुदत १५ दिवस, असेल तरी जास्तीत जास्त ४५.

वहीत प्रत्येक प्रश्नापुढे चार गोष्टी लिहा: हा प्रश्न कोण विचारतं, किती वेळा, आज उत्तर मिळायला किती वेळ लागतो, आणि उत्तर उशिरा मिळालं तर काय बिघडतं. चौथा रकाना भरताना लोक अडखळतात. अडखळू द्या. "माहीत असलेलं बरं" एवढंच लिहिता येत असेल तर प्रश्न खोडा.

तपासा: मागच्या तीन महिन्यांत एकदाही कोणाला ज्याचं उत्तर लागलं नाही, तो प्रश्न यादीत राहिलाय का? काढून टाका. दहा-बाराच्या वर प्रश्न उरले असतील तर तुम्ही अजून तक्रारीच लिहिताय.

## पायरी २: एका ऑर्डरच्या मागे चालत जा

सगळ्यात जास्त इथेच कळतं, आणि बहुतेक जण नेमकी हीच पायरी गाळतात, कारण ती खुर्चीत बसून होत नाही.

मागच्या दोन महिन्यांतली एक पूर्ण झालेली ऑर्डर निवडा. सरळ गेलेली नको. जिच्यात जॉबवर्क झालं, थोडं रिजेक्शन आलं, माल दोन खेपांत गेला, अशी वाकडी घ्या. मग वही घेऊन तिच्या वाटेने चाला: पीओ आली ती मेल, एक्सेलमधली नोंद, सुपरवायझरला तोंडी सांगितलेलं, स्टोअरमधून निघालेला बार, कटिंग, सीएनसी, बाहेर गेलेलं चलान, परत आलेला माल, तपासणी, पॅकिंग, बिल, ई-वे बिल (माल वाहतुकीसाठी), ई-इन्व्हॉइस (सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं बिल), आलेले पैसे.

प्रत्येक थांब्यावर तीन गोष्टी टिपा. नोंद कुठे झाली? काम झाल्यावर किती वेळाने झाली? आणि ती नव्याने लिहिली की दुसरीकडून उतरवली? उतरवलेल्या नोंदीखाली लाल रेघ मारा.

एक थांबा जवळून दाखवतो. शाफ्टचे ५०० नग प्लेटिंगला गेले. आपल्या चलानावर ५००. परत येताना त्यांच्या चलानावर ४८०, आणि खाली पेनाने "८ पुढच्या गाडीत". उरलेल्या १२ चा उल्लेखच नाही. ते प्लेटिंगमध्ये खराब झाले होते, फोनवर सांगितलं होतं. टेम्पोवाला घाईत, दुपारची जेवणाची वेळ. स्टोअरकीपरने आपल्या चलानाच्या स्थळप्रतीवर "माल मिळाला" लिहून सही केली. कार्बन हलला होता, म्हणून ऑफिसला गेलेल्या प्रतीवर आकडा दिसतच नव्हता. ऑफिसने ५०० धरले. टॅलीत यातलं काहीच नाही, कारण बाहेर गेलेला माल तिथे कधी टाकलाच नव्हता. दोन आठवड्यांनी डिस्पॅचला २० नग कमी पडले तेव्हा ग्रुपवर भांडण झालं, आणि त्या भांडणात पहिल्यांदा कोणीतरी "ईआरपी" हा शब्द लिहिला.

आता बघा, यातली किती चूक सॉफ्टवेअरची होती?

त्यात कायद्याचीही एक बाजू आहे. जीएसटी कायद्याच्या कलम १४३ प्रमाणे जॉबवर्कला पाठवलेला कच्चा किंवा अर्धवट माल एक वर्षाच्या आत परत यावा किंवा तिथूनच विकला जावा लागतो. भांडवली वस्तूंना तीन वर्षं. साचे, डाय, जिग, फिक्स्चर आणि टूल्स यांना ही मुदत लागू नाही. मुदत उलटली तर माल पाठवला त्याच दिवशी विकला असं धरतात, म्हणजे कर आणि त्यावर व्याज. त्याशिवाय आयटीसी-०४ (जॉबवर्कला गेलेल्या-आलेल्या मालाचा जीएसटी फॉर्म) भरायचा असतो. उलाढाल पाच कोटींच्या वर असेल तर सहा महिन्यांनी, नाहीतर वर्षाने. त्या "माल मिळाला" वरून तो कसा भरणार?

तपासा: लाल रेघा मोजा. एकच आकडा तीन किंवा जास्त ठिकाणी हाताने उतरवला जात असेल तर ती जागा गोल करा. आणि नोंद काम झाल्यावर एका दिवसापेक्षा उशिरा होणाऱ्या जागा वेगळ्या खुणेने दाखवा. दोन्ही खुणा पुढच्या पायरीत लागतील.

## पायरी ३: तीन ढीग करा

आता प्रत्येक प्रश्न आणि प्रत्येक खूण तीनपैकी एका ढिगात टाका: सवय, सेटिंग, मर्यादा. एका ठिकाणी भांडण होईल, होऊ द्या, पण "थोडं हे, थोडं ते" असं लिहू नका.

### सवय

स्वतःला विचारा: ही नोंद त्याच दिवशी, त्याच माणसाने, बरोबर केली असती तर आहे त्या व्यवस्थेत उत्तर मिळालं असतं का? हो असेल तर ती सवय. वरचे ४८० नग हे सवयीचं उदाहरण. परत आलेला माल न मोजता सही करणारा माणूस नव्या सॉफ्टवेअरमध्येही न मोजता बटण दाबेल.

### सेटिंग

सोय विकत घेतलेली आहे, चालू केलेली नाही. टॅलीपुरतं बोलायचं तर गोडाऊन, बॅच, रिऑर्डर लेव्हल, बिल ऑफ मटेरियल (एका नगाला काय काय लागतं त्याची यादी), जॉबवर्कसाठी मटेरियल आउट आणि मटेरियल इन व्हाउचर, बिलवार क्रेडिटचे दिवस, युजरनिहाय अधिकार, हे सगळं त्यात आहे. मी पाहिलेल्या बऱ्याच कारखान्यांत टॅली म्हणजे विक्री, खरेदी, पेमेंट आणि बँक जुळवणं, इतकंच. स्टॉकचा भाग बंद करून ठेवलेला, कारण कधीकाळी एका अकाउंटंटला त्याचा त्रास झाला होता.

"फार स्लो झालंय" ही तक्रारही आधी याच ढिगात टाका. टॅलीचं सिल्व्हर लायसन्स एका युजरसाठी असतं, नेटवर्कवर अनेकांना गोल्ड लागतं. लोक सिल्व्हरवर पाळी लावून बसतात आणि सॉफ्टवेअरला शिव्या घालतात. कधी सात-आठ वर्षांचा डेटा एकाच कंपनीत असतो, कधी फाइल दुसऱ्या खोलीतल्या जुन्या मशिनवर आणि मध्ये रडकं वायफाय. एक केबल ओढून प्रश्न मिटलेला मी पाहिलाय.

### मर्यादा

नोंदी वेळेवर आहेत, सेटिंग तपासून झालं, तरी उत्तर मिळत नाही. खऱ्या मर्यादा अशा दिसतात:

- ऑपरेशननिहाय अर्धवट माल: हा लॉट आता ड्रिलिंगला आहे की ग्राइंडिंगला, कुठल्या मशिनवर, उद्या कुठे जाणार
- मशिनच्या तासांवरून शेड्यूल बसवणं
- बारच्या हीट नंबरपासून ग्राहकाच्या बिलापर्यंत अखंड माग, तपासणीच्या रिपोर्टसकट
- दोन शेडमध्ये किंवा दोन गावांत एकाच वेळी एकाच स्टॉकवर काम
- खरेदीच्या मंजुरीचे टप्पे, ज्यात मंजुरीशिवाय पीओ निघूच नये

आणि एक वेगळीच मर्यादा, जी फार उशिरा लक्षात येते: वीस वर्षांपूर्वी कोणीतरी फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस भाषेत बनवून दिलेला प्रोग्राम. बनवणारा आता फोन उचलत नाही, आणि तो एका जुन्या पीसीवरच चालतो. व्हिज्युअल फॉक्सप्रोचा आधार मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०१५ मध्ये संपवला, विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला. अशा ठिकाणी प्रश्नांची यादी छोटी निघाली तरी बदल करावाच लागतो, कारण ती हार्ड डिस्क गेली की हिशेबही गेला.

कायद्यामुळे ज्यात निवड उरत नाही:

- कंपनी असाल तर १ एप्रिल २०२३ पासून हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहिलीच पाहिजे आणि ती बंद करता येता कामा नये. ऑडिटर त्यावर अहवालात लिहितो. तुमची आवृत्ती ही नोंद ठेवत नसेल तर ती बदला. बहुतेक वेळा त्यासाठी नवी आवृत्ती पुरते, नवं ईआरपी लागत नाही.
- २०१७-१८ पासून कुठल्याही एका वर्षी उलाढाल पाच कोटींच्या वर गेली असेल तर १ ऑगस्ट २०२३ पासून नोंदणीकृत ग्राहकाच्या बिलाला ई-इन्व्हॉइस लागतं. बिल एकीकडे बनवून पोर्टलवर पुन्हा हाताने भरत असाल तर ती लाल रेघ जाड करा.
- कंपनीची पुस्तकं ८ वर्षं ठेवायची असतात. जीएसटीची कागदपत्रं वार्षिक विवरणाच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने. जुनं बंद केलं तरी ते उघडता येईल अशी सोय ठेवावी लागते.

सावधान: ढीग करायला विक्रेत्याला बोलावू नका, चहाच्या निमित्तानेही नाही. त्याला सगळंच मर्यादेच्या ढिगात दिसतं. आणि उलट बाजूने, अकाउंटंटला सगळंच "आपल्यात होतं की" वाटतं. सेटिंगच्या ढिगातली प्रत्येक गोष्ट त्याने प्रत्यक्ष करून दाखवली पाहिजे, तुमच्याच कंपनीच्या डेटाच्या कॉपीवर.

## पायरी ४: तीस दिवस दुरुस्ती

सवय आणि सेटिंग हे दोन ढीग आधी उपसायचे. याला पैसे जवळपास लागत नाहीत, चिकाटी लागते. मालक इथे सगळ्यात जास्त कंटाळतात, कारण नवं काही दिसत नाही.

पहिला आठवडा. तीन नियम गेटवर आणि स्टोअरमध्ये मोठ्या अक्षरात लावा. चलान नंबरशिवाय काहीही बाहेर जाणार नाही, मालकांच्या गाडीतूनसुद्धा. आत आलेला माल मोजल्याशिवाय सही नाही. मोजायला वेळ नसेल तर "मोजणी बाकी" असं लिहायचं. आणि आजची नोंद आज, संध्याकाळी सहाच्या आत. प्रत्येक नियमाला एकच जबाबदार माणूस. दोघांवर टाकलेलं काम कोणाचंच नसतं.

दुसरा आठवडा. सेटिंगच्या ढिगातल्या फक्त दोन गोष्टी चालू करा. मी नेहमी जॉबवर्कच्या व्हाउचरपासून सुरुवात करतो, कारण फायदा आठवड्यात दिसतो: कोणाकडे किती नग, किती दिवसांपासून. सगळं एकदम चालू केलं तर स्टोअरकीपर दुसऱ्या दिवशी पुन्हा वहीत लिहायला लागेल आणि त्याचं चूकही म्हणता येणार नाही.

तिसरा आणि चौथा आठवडा. मोजणी. किमतीने सगळ्यात मोठे वीस आयटम निवडा. दर शनिवारी, काम सुटायच्या आधी, रॅकवरचा आकडा आणि पुस्तकातला आकडा शेजारी शेजारी लिहा. मोजणारा स्टोअरचा नसावा. बार असेल तर वजन करायचं की लांबी मोजायची हे आधी ठरवा. किलोत खरेदी, मीटरमध्ये वापर आणि नगात हिशेब, यातच निम्मा फरक लपलेला असतो.

तपासा: चौथ्या शनिवारी वीसपैकी किती जुळले? माझा स्वतःचा अंदाजाचा मापदंड असा: अठरा किंवा जास्त जुळले तर तुम्ही नव्या सॉफ्टवेअरला तयार आहात, हवं असो वा नसो. पंधराच्या खाली असाल तर अजून एक महिना हेच करा. ओपनिंग स्टॉकच चुकीचा असेल तर नवं ईआरपी तोच चुकीचा आकडा चार सुंदर रिपोर्टमध्ये दाखवेल.

या महिन्यानंतर पहिल्या यादीकडे परत या. ज्या प्रश्नांची उत्तरं आता मिळतात ते खोडा. बारापैकी सहा-सात खोडले गेले तर आश्चर्य मानू नका.

## पायरी ५: उरलेल्या प्रश्नांची किंमत काढा

आता फक्त मर्यादेचा ढीग उरलाय. प्रत्येक मर्यादा दरमहा किती रुपये खाते ते लिहा.

आधी सगळे जिथे फसतात ते. दुहेरी एन्ट्रीचा वेळ: दोन माणसं, रोज दीड तास, महिन्याचे २६ दिवस, म्हणजे ७८ तास. पगार २०,००० धरला आणि महिन्याचे २०८ तास, तर तासाला साधारण ९६ रुपये. महिन्याला साडेसात हजार, वर्षाला नव्वद हजार. विक्रेता हा आकडा "बचत" म्हणून दाखवेल. पण ती माणसं जाणार नाहीत, पगार चालूच राहणार. त्या वेळात ती दुसरं कुठलं कमाईचं काम करणार हे लिहिता येत असेल तरच आकडा धरा, नाहीतर शून्य.

खरा पैसा दुसरीकडे असतो. न हलणारा स्टॉक: ८० लाखांच्या मालात ८ लाखांचा माल वर्षभर पडून असेल आणि कॅश क्रेडिटचा (बँकेच्या खेळत्या कर्जाचा) दर दहा टक्के धरला, तर ८०,००० नुसतं व्याज. उशीर झाला म्हणून स्वतंत्र टेम्पोने पाठवलेला माल. त्याची भाड्याची बिलं काढून बेरीज करा. जॉबवर्कमध्ये गायब झालेले नग. माग लावता आला नाही म्हणून दहा नगांऐवजी अख्खा लॉट परत घ्यावा लागला असेल तर तो. हे आकडे तुमच्या पुस्तकांतून काढा, अंदाजाने लिहू नका.

दुसऱ्या बाजूला नव्या सॉफ्टवेअरचा खर्च, तीन वर्षांचा एकत्र:

- लायसन्स किंवा वार्षिक भाडं, खरोखर लागणाऱ्या सगळ्या युजरचं
- बसवून देण्याची फी आणि तुमच्यासाठी केलेले बदल
- मास्टर, म्हणजे आयटमच्या नावांची मूळ यादी, साफ करायला लागणारा तुमच्या माणसांचा वेळ (एकच बेअरिंग चार नावांनी असतं)
- जुनं आणि नवं दोन्ही चालवायच्या महिन्यांचा ओव्हरटाइम
- दरवर्षीचं एएमसी (देखभालीचा करार), सर्व्हर किंवा क्लाउड, शॉप फ्लोअरवर लागणारे कॉम्प्युटर
- माणूस सोडून गेला की पुन्हा ट्रेनिंग

ओपन सोर्स घेतलं म्हणजे फुकट, असं नाही. मुंबईच्या फ्रॅपेचं ईआरपीनेक्स्ट असो वा ओडूची कम्युनिटी आवृत्ती, लायसन्सचा आकडा शून्य येतो. यादीतल्या बाकीच्या ओळी तशाच राहतात.

सावधान: युजर कमी घेऊन पासवर्ड वाटून घ्यायचा विचार डोक्यातून काढा. "स्टोअर" नावाने चौघं लॉग-इन करणार असतील तर कोणी काय बदललं याची नोंद असूनही कळणार नाही. मग त्या सोयीसाठी पैसे का मोजले?

## पायरी ६: एका पानावर निर्णय

निर्णय चारच प्रकारचे असतात, आणि "नवं घ्या" हा त्यातला एक आहे.

1. काहीच घेऊ नका. मर्यादेचा ढीग रिकामा झाला, किंवा उरलेल्याची वर्षाची किंमत नव्या खर्चाच्या जवळही जात नाही.
2. आहे त्याचं नूतनीकरण करा. नवी आवृत्ती, जास्त युजरचं लायसन्स, एका जाणकाराकडून पंधरा दिवस सेटिंग.
3. एक तुकडा जोडा. एकच मर्यादा मोठी आहे, जसं तपासणीच्या नोंदी किंवा मशिनचं शेड्यूल. तेवढ्यासाठी छोटं साधन घ्या, हिशेब जागेवर राहू द्या. पण ते आकडे हिशेबात कसे जाणार हे आधी ठरवा, नाहीतर बारावी एक्सेल तयार होईल.
4. नवं घ्या. माझी अट अशी: निदान तीन मर्यादा वेगवेगळ्या विभागांतल्या असाव्यात, त्यांची किंमत दरमहा जाणवत असावी, आणि तीस दिवसांची शिस्त टिकलेली असावी. तिसरी अट मोडली असेल तर पहिल्या दोन कितीही जोरदार असल्या तरी मी थांबायला सांगतो. मालकांना हे आवडत नाही.

पानावर निवडलेला प्रकार, उरलेले प्रश्न, त्यांची किंमत, पाचही जणांच्या सह्या आणि तारीख. एकाची सही नसेल तर त्याचं कारण त्याच्याच शब्दांत लिहा. बहुतेक वेळा ती स्टोअरकीपरची असते आणि कारण दमदार असतं.

## पायरी ७: निर्णय "नवं घ्या" असेल तरच डेमो

आता विक्रेत्यांना बोलवा, दोन किंवा तीनच. पायरी २ मधल्या वाकड्या ऑर्डरचे कागद त्यांना आठवडाभर आधी द्या, ग्राहकाचं नाव आणि भाव झाकून. तुमच्या समोर ही ऑर्डर चालवून दाखवायला सांगा: ५०० गेले, ४८० आले, १२ रिजेक्ट, ८ नंतर आले, बिल दोन खेपांत, मधेच भाव बदलला, शेवटी एक क्रेडिट नोट.

मग हे करा:

- माल आत घेतल्याची एक चुकीची नोंद मुद्दाम करायला लावा आणि ती रद्द करायला सांगा. स्टॉक, हिशेब आणि बदलाची नोंद, तिन्हीकडे काय दिसतं ते बघा.
- कीबोर्ड स्टोअरकीपरच्या हातात द्या. विक्रेत्याचा माणूस बोलेल, हात लावणार नाही.
- "हे होईल, कस्टमायझेशनमध्ये करून देऊ" हे वाक्य किती वेळा आलं ते मोजा. दर वेळी विचारा: किती दिवस, किती पैसे, आणि पुढची आवृत्ती आली की ते टिकतं का?
- तुमच्याएवढ्या आकाराचा, वर्षभर वापरत असलेला कारखाना बघायला मागा. तिथे मालकांशी कमी आणि स्टोअरमध्ये जास्त बोला. टेबलावर चलानाची वही अजून उघडी दिसते का तेवढं बघून घ्या.

करारात दोन गोष्टी लेखी हव्यात. भाडं भरणं थांबवलं तर तुमचा सगळा डेटा कुठल्या स्वरूपात आणि किती दिवसांत मिळणार. आणि क्लाउड असेल तर सर्व्हर कुठे आहे. कंपन्यांच्या पुस्तकांचा बॅकअप रोज भारतातल्या सर्व्हरवर राहिला पाहिजे असा २०२२ पासून नियम आहे. विक्रेता बाहेरदेशीचा असेल तर हे उत्तर लेखीच घ्या.

तपासा: डेमोनंतर उरलेल्या प्रश्नांची यादी पुन्हा काढा. प्रत्येक प्रश्नापुढे "दाखवलं", "सांगितलं" किंवा "नाही" लिहा. किंमत ठरवताना "सांगितलं" म्हणजे "नाही" धरा.

## निर्णय "नको" आला तर

ते पान फेकू नका. त्याच्या मागच्या बाजूला लिहून ठेवा की काय घडलं तर विषय पुन्हा उघडायचा: दुसरी शेड घेतली, मोठ्या ग्राहकाने हीट नंबरपर्यंत माग मागितला, बाहेर जाणाऱ्या जॉबवर्कची ठिकाणं दुप्पट झाली, किंवा जुना प्रोग्राम सांभाळणारा माणूस गेला. यातलं काही घडलं तर पायरी २ पासून सुरू करा. पहिली यादी तोवर जवळपास तीच राहिलेली असते. नाहीच घडलं तर सहा महिन्यांनंतरच्या २१ तारखेला वीस आयटमची मोजणी पुन्हा लावा, आणि आकडा त्याच पानावर लिहा.